पोशाख भाड्याचा, साचा कायमचा

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संध्याकाळी संदेश येतो, 'शुक्रवारी फॅन्सी ड्रेस. मुलांकडून दोन-तीन वाक्ये पाठ करून घ्यावीत.' मग भिवंडीतल्या भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानांत गर्दी उसळते. कोणी लूमवरची पाळी संपवून थेट आलेले असते, कोणी गोदामातली ड्युटी उरकून. काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'मुलगा की मुलगी?' उत्तर मिळाले की दुकानदाराचा हात आपोआप एका रांगेकडे वळतो. मुलग्यांच्या रांगेत मावळा, सैनिक, पोलीस, वकील, डॉक्टर, वाघ आणि स्पायडरमॅन. मुलींच्या रांगेत परी, राजकन्या, राधा, फुलपाखरू, कोळीण, नर्स आणि झाशीची राणी. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते पाच वर्षांचे मूल बाजूला उभे असते. त्याला प्रश्न शेवटी विचारला जातो आणि तोही 'गुलाबी हवा की पिवळा?' एवढाच.

यात कोणाचा वाईट हेतू नसतो. दुकानदाराला गिऱ्हाईक लवकर मोकळे करायचे असते, आईला घरी जाऊन कुकर लावायचा असतो आणि रंगमंचावरचा प्रसंग तर जेमतेम दोन मिनिटांचा. मग या दोन रांगांची चर्चा आरोग्य आणि विज्ञानाच्या सदरात कशाला? कारण बालवाडी ते दुसरी या वयात मूल 'मी कोण आणि माझ्यासारख्यांनी काय करायचे असते' याची जुळवाजुळव करत असते. त्या वयात नाटकातले सोंग आणि खरे आयुष्य यांच्यातली भिंत पातळ असते. मोठ्यांना जी गंमत वाटते, ती मुलाला माहिती वाटते.

तीन ते सात: हट्टाचे वय

दोन-अडीच वर्षांचे मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणू लागते. पण हे कायम राहते, कपडे किंवा केस बदलले तरी बदलत नाही, हे त्याला लगेच उमगत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६ मध्ये ही गोष्ट मांडली आणि पुढच्या अनेक अभ्यासांनी ती तपासली. चार वर्षांच्या मुलाला विचारले, 'या मुलाने फ्रॉक घातला तर तो कोण होईल?' तर 'मुलगी' असे उत्तर अनेकदा मिळते. ज्याला असे वाटते, तो फ्रॉकला घाबरणारच. आपण मुलगी आहोत हे नुकतेच कळलेली चिमुरडी झालरीच्या गुलाबी फ्रॉकसाठी जमिनीवर लोळण घेते, तीही याच कारणाने. नव्याने मिळालेली ओळख दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवण्याची ती धडपड असते.

गुलाबी रंगाची ओढ जन्मजात आहे असा समज सर्वत्र आहे. व्हेनेसा लोब्यू आणि जूडी डिलोश यांनी सात महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांसमोर वेगवेगळ्या रंगांच्या जोड्या ठेवून २०११ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तान्ह्या मुलामुलींच्या निवडीत फरक दिसला नाही. मुली गुलाबीकडे झुकू लागल्या त्या दोन वर्षांच्या आसपास. त्याच सुमारास मुलगे गुलाबी टाळू लागले आणि हे टाळणे वयाबरोबर वाढत गेले. म्हणजे 'मी कोण' हे कळू लागते, त्याच वेळी 'माझा रंग कोणता' हेही शिकले जाते.

पालकांना दिलासा देणारी गोष्टही याच संशोधनाच्या परंपरेत आहे. जर्मनीत काही मुलांचा पाच ते दहा वर्षांपर्यंत दरवर्षी पाठपुरावा करण्यात आला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 'हे मुलग्यांचे, ते मुलींचे' हा ताठरपणा पाच-सहाव्या वर्षी सर्वाधिक दिसला आणि नंतर उतरत गेला. लहानपणी जी मुले फार ताठर होती, ती पुढेही तशीच राहिली असे आढळले नाही. तेव्हा मुलगी सलग तीन वर्षे परीच होत असेल, तर घरात भाषण देण्याचे कारण नाही. तिला परी होऊ द्यावे. हट्ट हा वाढीचा टप्पा आहे. घोटाळा होतो तो मोठी माणसे त्या टप्प्यावर शिक्कामोर्तब करतात तेव्हा. मुलाच्या मनातली रेघ खडूची असते, दुकान, शाळा आणि नातेवाईक मिळून ती ऑइलपेंटने गिरवतात.

पोशाखाचे काम

सोंग घेतल्याने मुलात खरोखर काही बदलते का? २०१७ मध्ये 'चाइल्ड डेव्हलपमेंट' या नियतकालिकात आलेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. रेचल व्हाइट आणि सहकाऱ्यांनी चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना संगणकावर दहा मिनिटांचे कंटाळवाणे काम दिले. कंटाळा आला तर शेजारच्या टॅबवर खेळायची मुभा होती. काही मुलांना काम करताना स्वतःविषयी विचार करायला सांगितले, काहींना स्वतःचे नाव घेऊन. तिसऱ्या गटाला बॅटमॅन, बॉब द बिल्डर, रॅपन्झेल किंवा डोरा यांपैकी एक पात्र निवडायला सांगितले, त्या पात्राची एखादी वस्तू दिली आणि 'बॅटमॅन मन लावून काम करतोय ना?' असे स्वतःला विचारत राहायला सांगितले. सर्वांत जास्त वेळ कामाला चिकटून राहिली ती हीच सोंग घेतलेली मुले.

म्हणजे पात्र मुलाला काहीतरी उसने देते. अंगावरच्या टोपीबरोबर थोडी चिकाटी, थोडा धीर येतो. तसे असेल तर कोणत्या मुलाच्या वाट्याला कोणते पात्र येते, हा प्रश्न सजावटीपुरता राहत नाही. मुलग्यांच्या रांगेतली बहुतेक पात्रे काही ना काही करतात. ती पकडतात, वाचवतात, लढतात, तपासतात. मुलींच्या रांगेत काम करणाऱ्या कोळीण, नर्स आणि राणी सोडल्या, तर बाकीच्यांचे मुख्य काम दिसणे. कौतुकाचे शब्दही त्याप्रमाणे वाटले जातात. मावळ्याला 'काय रुबाब आहे!' आणि परीला 'किती गोड दिसतेस!'

ही विभागणी भिवंडीची खासियत नाही. अमेरिकेत बाजारात मिळणारे मुलांचे हॅलोविनचे ४६९ पोशाख आणि शिवणकामाचे नमुने तपासून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलगा-मुलगी कोणालाही चालेल असा पोशाख दहातला एकही भरला नाही. मुलींसाठी राजकन्या आणि सुंदऱ्या, मुलग्यांसाठी योद्धे आणि खलनायक अशी सरळ वाटणी होती. प्राण्यांच्या पोशाखालाही झालर किंवा गुलाबी रंग लावून तो 'मुलीचा' करण्यात आला होता. भारतात तर शिवाजी महाराज, जिजाऊ, सावित्रीबाई, राणी लक्ष्मीबाई यांच्यामुळे रांगांमधली पात्रे थोडी अधिक भारदस्त आहेत. जिजाऊ किंवा लक्ष्मीबाई झालेली मुलगी ठसक्यात वाक्ये म्हणते, तेव्हा तिच्या आवाजात वेगळा जोर येतो हे कोणत्याही शिक्षिकेने पाहिलेले असते.

राजकन्येच्या पोशाखावर सरसकट बंदी घालावी, असाही या माहितीचा अर्थ नाही. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या सेरा कॉइन यांच्या गटाला २०१६ मध्ये असे आढळले, की राजकन्यांच्या चित्रपट-खेळण्यांत जास्त रमलेली बालवाडीतली मुले वर्षभरानंतर अधिक साचेबंद वागत होती. त्याच गटाने काही वर्षांनी मुलांना पुन्हा गाठले. २०२१ च्या निष्कर्षांत उलट चित्र दिसले. लहानपणी राजकन्यांत रमलेल्या मुलांमध्ये पुढे पुरुषी ताठ्याचे आकर्षण कमी होते. विज्ञान असे सावकाश आणि वळणे घेत पुढे सरकते. एका पोशाखाने मुलगी बिघडत नाही आणि एका पोशाखाने ती शास्त्रज्ञही होत नाही. २०१४ मधला एक छोटा प्रयोग हेच सांगतो. चार ते सात वर्षांच्या ३७ मुलींना काही मिनिटे बाहुल्यांशी खेळायला दिले आणि मग दहा व्यवसाय दाखवून 'यातले तू काय काय करू शकशील, मुलगे काय काय करू शकतील?' असे विचारले. बार्बीशी खेळलेल्या मुलींनी स्वतःसाठी मुलग्यांपेक्षा कमी व्यवसाय निवडले. बार्बीने डॉक्टरचा कोट घातला होता की फॅशनचा पोशाख, याने फरक पडला नाही. नुसता कोट चढवून भागत नाही. कोटाबरोबर त्या कामाची गोष्टही मुलापर्यंत पोहोचावी लागते.

शास्त्रज्ञाचे चित्र

ही गोष्ट पोहोचली नाही तर काय होते, याचा एक जुना पुरावा चित्रांच्या वहीत आहे. डेव्हिड वेड चेंबर्स यांनी मुख्यतः अमेरिका आणि कॅनडातल्या ४,८०७ शाळकरी मुलांना 'शास्त्रज्ञाचे चित्र काढा' असे सांगितले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार फक्त २८ मुलांनी स्त्री शास्त्रज्ञ काढली आणि त्या २८ही मुली होत्या. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अशा ७८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा चित्र सुधारलेले दिसले. १९८५ नंतरच्या अभ्यासांत सरासरी २८ टक्के मुलांनी स्त्री शास्त्रज्ञ काढली होती. त्यातला लक्षात ठेवण्यासारखा तपशील वयाचा आहे. पाच-सहा वर्षांची मुले स्त्री आणि पुरुष शास्त्रज्ञ जवळपास सारखेच काढतात. शाळेत जसजसे वर चढावे, तसतशी चित्रातली बाई नाहीशी होत जाते. 'सायन्स'मध्ये २०१७ साली आलेल्या लिन बियान आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातही हेच वय कळीचे ठरले. 'खूप खूप हुशार' माणूस ओळखा असे म्हटल्यावर पाच वर्षांच्या मुली आपल्यासारख्यांकडे बोट दाखवत होत्या. सहाव्या-सातव्या वर्षी ते बोट डळमळू लागले.

भारतात मुली विज्ञानाकडे जात नाहीत असे नाही. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात विज्ञान शाखेत मुलींची संख्या मुलग्यांपेक्षा जास्त भरली. गळती पुढे होते. संशोधन आणि विकासाच्या कामात थेट असलेल्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सहा जणांत एक इतकेच आहे. याला लग्न, मुले, नोकरीचे गाव, सुरक्षितता अशी अनेक कारणे आहेत आणि त्यांचे खापर फॅन्सी ड्रेसवर फोडणे हास्यास्पद ठरेल. पण 'हे आपले जग' ही भावना ज्या छोट्या छोट्या गोष्टींतून घडते, त्यांत हाही एक धागा असतो.

पांढरा कोट हा एकच वैज्ञानिक पोशाख, हाही एक साचाच. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात काढलेल्या एका प्रसिद्ध छायाचित्रात विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या तीन विद्यार्थिनी बसल्या आहेत. जपानच्या केई ओकामी किमोनोत, सीरियाच्या साबात इस्लांबुली त्यांच्या देशीच्या पोशाखात आणि आनंदीबाई जोशी साडीत. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली. हे छायाचित्र जिने पाहिले, तिला साडी आणि स्टेथोस्कोप वेगवेगळ्या रांगांत टांगण्याचे कारण उरत नाही. आईची जुनी साडी, हातात पुस्तक आणि 'मी आनंदी, समुद्र ओलांडून डॉक्टर व्हायला निघाले आहे' एवढे वाक्य. भाडे शून्य.

हशा कोणासाठी?

आतापर्यंतचे पटायला फारसे अवघड नाही. मुलीने पोलीस व्हावे, पायलट व्हावे, मावळा व्हावे, याला आता बहुतेक घरांत टाळ्या मिळतात. खरी परीक्षा दुसऱ्या बाजूला आहे. पहिलीतला मुलगा म्हणाला, 'मला सावित्रीबाई व्हायचंय,' तर? किंवा 'मला नर्स व्हायचंय', 'मला फुलपाखरू व्हायचंय'? घरात आधी हसू फुटते, मग 'अरे, ते मुलींचं असतं' आणि मग विषय बंद. तो तसाच रंगमंचावर आला, तर सभागृह हसते. हसणारी माणसे दुष्ट नसतात, पण मुलाला तेवढे पुरते.

बेव्हरली फॅगॉट यांनी १९७७ मध्ये बालवाड्यांतली निरीक्षणे मांडली होती. 'मुलींचे' खेळ खेळणाऱ्या मुलग्यांना सवंगडी जास्त टोकत होते. 'मुलांचे' खेळ खेळणाऱ्या मुलींच्या वाट्याला तेवढी टीका येत नव्हती. जवळपास अर्धे शतक उलटले, तरी ही तऱ्हा कोणत्याही स्नेहसंमेलनात पाहायला मिळते. त्यातून निघणारा अर्थ साधा आहे. मुलगी मुलग्याच्या रांगेतला पोशाख घालते, तेव्हा ती 'वर' चढते. मुलगा मुलीच्या रांगेतला पोशाख घालतो, तेव्हा तो 'खाली' उतरतो. एका बाजूला टाळ्या आणि दुसऱ्या बाजूला हशा असेल, तर दोन्ही रांगा सारख्या नाहीत हे पाच वर्षांच्या मुलालाही समजते. हा धडा तो हिरमुसलेला मुलगा एकटा शिकत नाही. आपल्या आईच्या साडीला सभागृह हसते आहे, हे पाहणारी पहिल्या बाकावरची मुलगीही तो शिकते.

महाराष्ट्राला हे नवे वाटायला नको. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (१८८८-१९६७), रंगमंचावर नायिका म्हणून उभे राहत, तेव्हा प्रेक्षक हसत नसत. प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया त्यांच्या साडी नेसण्याची, केशरचनेची आणि दागिन्यांची नक्कल करीत. कोकणातल्या दशावतारात आजही पुरुष स्त्रीभूमिका करतात आणि गाव रात्रभर जागून पाहतो. तो काळ समतेचा होता असे नाही. प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रियांना रंगमंचावर यायची मुभा नव्हती म्हणून पुरुष ती कामे करीत. पण पुरुषाच्या अंगावर नऊवारी दिसली की हसायचेच असते, असा काही सनातन नियम मराठी संस्कृतीत नाही, एवढे यातून नक्की कळते.

'बायकी काम' हा शब्दही भिवंडीत दोन पावले टिकत नाही. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून एकटे आलेले हजारो यंत्रमाग कामगार ज्या भिशीत जेवतात, तिथल्या चुलीपाशी अनेकदा पुरुषच असतात. गल्लीतला शिलाई मशीनवर बसलेला टेलर पुरुष असतो, जरीकाम करणारा कारागीर पुरुष असतो. स्वयंपाक आणि शिवण घरात फुकट असते तोवर ते बायकांचे, त्याला मजुरी मिळू लागली की ते पुरुषांचे. ज्या शहरात बाप सुईदोऱ्यावर घर चालवतो, त्या शहरात मुलाने खेळण्यातली सुई हातात घेतली तर 'हे काय पोरींसारखं?' म्हणणे विचित्र आहे.

या हशाला आरोग्याची बाजूही आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या आत्महत्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक पुरुषांच्या होत्या. बेरोजगारी, कर्ज, व्यसन, आजार अशी त्याची अनेक कारणे आहेत. फॅन्सी ड्रेसशी त्याचा थेट संबंध जोडणे चूक ठरेल. मात्र पुरुष त्रास सांगायला आणि मदत मागायला मागे राहतात, हे मानसोपचारतज्ज्ञ सतत सांगत असतात. 'मुलीसारखं काय रडतोस' या वाक्याचा त्यात हात आहे. बायकांसारखे असणे म्हणजे लाजिरवाणे, हे ज्याला पाचव्या वर्षी हसून शिकवले, तो चाळिसाव्या वर्षी डोळ्यांत पाणी आले तर ते कोणाला दाखवणार?

शरीरही शिकते

आणखी एक गोष्ट फार कमी वेळा बोलली जाते. दोन रांगांमधले पोशाख अंगावर वेगवेगळे बसतात. मावळ्याला धावता येते, स्पायडरमॅनला भिंतीवर चढायचा प्रयत्न करता येतो. परीला पंख सांभाळावे लागतात, राजकन्येला घेर उचलून चालावे लागते, शिवाय लिपस्टिक पुसली जाऊ नये म्हणून पाणीही जपून प्यावे लागते. एका दिवसाने काही होत नाही. पण सणाचे कपडे, समारंभाच्या चपला, कधी कधी गणवेश असे सगळे दिवस जोडले, तर मुलीचे शरीर 'जपून बस' हे शिकत जाते.

जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये १३५ देशांतली दहा लाखांहून अधिक मुलांची माहिती एकत्र केली. ज्या देशांत बहुतेक शाळांत गणवेश सक्तीचा आहे, तिथे हे ६० मिनिटे गाठणारी मुले कमी होती आणि प्राथमिक वयात मुलगा-मुलगी यांच्यातली दरी अधिक रुंद होती. गणवेशानेच हे घडते असे हा अभ्यास सिद्ध करत नाही. तरी ज्या कपड्यात उडी मारता येत नाही, तो मुलाचा कपडा नव्हे, इतके मान्य करायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही. पोशाख घरी आणल्यावर मुलाला त्यात एकदा जिना चढायला आणि उतरायला सांगावे. पडले, अडखळले, तर टाचणी आणि कात्री हाताशी ठेवावी.

'पण लोक काय म्हणतील?'

सर्वांत मोठी भीती मात्र वेगळीच असते आणि ती हळू आवाजात बोलली जाते. 'आज साडी नेसला, उद्या तसाच झाला तर?' याचे उत्तर स्पष्ट आहे. एका दिवसाच्या पोशाखाने मुलाची लैंगिक ओळख ठरत नाही. लहान मुले सोंगात वाघ होतात, आजी होतात, रेल्वेचे इंजिनही होतात आणि संध्याकाळी वरणभात जेवायला परत येतात. एखाद्या मुलाची ओढ सोंगापुरती नसून खोल आणि दीर्घकाळची असेल, तर तीही पोशाखातून आलेली नसते आणि दटावून जातही नाही. दटावल्याने मूल फक्त लपवायला शिकते. अशा वेळी बालमानसतज्ज्ञाशी शांतपणे बोलावे.

दुसरी भीती खरी आहे: इतर मुले चिडवतील. म्हणून मुलावर आपली पुरोगामी हौस लादू नये. ज्याला मावळा व्हायचे आहे, त्याला सावित्रीबाई करणे हाही हट्टच, फक्त मोठ्यांचा. मुलाने स्वतःहून वेगळे काही मागितले, तर त्याला सांगावे, 'कदाचित कोणी हसेल. तेव्हा तू काय म्हणशील?' आणि एक वाक्य घरीच घोटून घ्यावे, 'मी सावित्रीबाई आहे, मी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली.' ठाम वाक्य पाठ असलेले मूल चिडवणाऱ्यापुढे सहसा कोलमडत नाही.

शाळेला तर हे फार सोपे आहे. महाराष्ट्रातच त्याचे उदाहरण आहे. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या नव्या पुस्तकांत आई आणि बाबा दोघे मिळून भाजी निवडत असल्याचे, बाई डॉक्टर असल्याचे आणि वाहतूक नियंत्रित करणारी महिला पोलीस असल्याचे चित्र छापले. त्याविषयी वेगळा धडा लिहिला नाही की उपदेश केला नाही. चित्र बदलले, इतकेच. फॅन्सी ड्रेसचा संदेशही तसाच बदलता येईल. 'मुलांनी अमुक, मुलींनी तमुक' अशा दोन याद्यांऐवजी एकच विषय द्यावा, 'आपल्या गावातली कामे'. भिवंडीत या विषयाला तोटा नाही. लूम चालवणारे, कांडी भरणाऱ्या, गोदामातून पार्सल पाठवणारे, भिशीतला आचारी, अंगणवाडी सेविका, आशाताई, बस कंडक्टर, टेलर, वडापाववाली. बक्षीस भरजरी पोशाखाला न देता त्या कामाविषयी मुलाने जे सांगितले त्याला द्यावे. म्हणजे भाड्याला पैसे नसलेल्या घरातले मूलही मागे राहणार नाही.

शब्दांचाही उपयोग होतो. मार्जोरी रोड्स आणि सहकाऱ्यांच्या २०१९ मधल्या प्रयोगात लहान मुलींना 'चला, शास्त्रज्ञ होऊ या' असे म्हणण्यापेक्षा 'चला, विज्ञान करू या' असे म्हटल्यावर त्या पुढच्या खेळात जास्त वेळ टिकल्या. 'कोण झालीस?' बरोबर 'काय करतेस?' हेही विचारले, तर परीलाही काहीतरी करावे लागेल. परी रात्री दात गोळा करते की जंगलातल्या पाखरांना औषध देते, हे ती स्वतःच ठरवील. मग सभागृहाला 'किती गोड'च्या पुढे जावे लागेल.

हसू आवरणे मोठ्यांच्या हातात आहे. शिक्षिकेने पहिली टाळी वाजवली, तर शंभर पालक तिच्यामागे टाळी वाजवतात. पहिले हसू तिचे असेल, तर तेही तितक्याच वेगाने पसरते.

सात लाखांहून अधिक वस्तीच्या या शहरात लाखो यंत्रमाग दिवसरात्र खडखडत असतात. त्यांतून जे कापड उतरते, त्याला इथे 'ग्रे' म्हणतात. ते कोरे असते, गुलाबी नाही की निळेही नाही. रंग पुढे कुठेतरी चढतो, झालर त्याच्याही पुढे लागते आणि रांग दुकानात ठरते. पोशाख भाड्याने देणाऱ्याला मुलाविषयी खरे तर एकच गोष्ट माहीत असणे गरजेचे आहे, ती म्हणजे त्याची उंची. 'मुलगा की मुलगी?' हे न विचारता त्याने टेप काढावी, माप घ्यावे आणि खाली वाकून त्या पाच वर्षांच्या गिऱ्हाइकालाच विचारावे, 'बोला, काय व्हायचंय?'